चॉकलेटचं रुखवत

राजुऱ्यात मे महिन्यात शहाणी माणसं काही ठरवत नाहीत. पंखा तीनवर ठेवायचा की पाचवर, एवढा एक निर्णय घ्यायचा आणि बाकीचं सगळं पावसाळ्यावर ढकलायचं, ही तिथली जुनी रीत आहे. बांधकाम खात्यातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झालेले इस्तारी मोहुर्ले ही रीत जन्मभर पाळत आले होते. पण त्यांच्या एकुलत्या एक पायलचं लग्न मे महिन्यात निघालं, त्यातही मुहूर्त भर दुपारचा निघाला, आणि भल्या माणसाची मती फिरली.

तसं सगळं सुरळीत चाललं होतं. पायल नागपूरला बँकेत होती, अहेरीकडचा स्वप्निलही त्याच बँकेत होता, दोघांनी आपसात ठरवून मग थोरांना ठरवायची संधी दिली होती. मंगल कार्यालय झालं, आचारी झाला, पत्रिका झाल्या. एका संध्याकाळी इस्तारीभाऊंची थोरली बहीण, गिरजाआत्या, सुपारी कातरता कातरता म्हणाली, "अन् रुखवताचं काय?"

रुखवत म्हणजे नवरीकडच्या बायांनी आपल्या हातानं केलेल्या वस्तूंचं टेबल. विणलेली तोरणं, शेवयांची फुलं, साखरेचं तुळशी वृंदावन. वरपक्षाच्या बाया येऊन ते निरखतात, वरवर कौतुक करतात आणि गाडीत बसल्यावर खरं काय ते बोलतात. आणि रुखवत म्हटलं की साऱ्या कॉलनीला एकच नाव आठवायचं, ते म्हणजे इस्तारीभाऊंची बायको नूतन. अर्ध्या कॉलनीतल्या पोरींची रुखवतं नूतनच्या हातची होती. तिनं लोकांच्या लेकींसाठी डोळे फोडून विणलं, आणि स्वतःच्या लेकीच्या लग्नाला ती नव्हती. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन गेली.

"रुखवत नको," पायल म्हणाली. "आईच्या हातचं नाई, तर कोणाच्याच हातचं नको."

"असं कसं नको?" गिरजाआत्या म्हणाली. "स्वप्निलची आजी हाय ना, ते ठमाबाई. साखरपुड्यालेच म्हणे, मी रुखवत पाहाले येईन. उद्या म्हणतीन, बिनमायची पोरगी, टेबल रिकामा होता."

'बिनमायची' हा शब्द इस्तारीभाऊंच्या वर्मी लागला. ते उठले, खिडकीशी गेले, आणि फाइलवर शेरा मारावा तशा आवाजात म्हणाले, "रुखवत होईल. मी करतो."

गिरजाआत्याच्या हातातला अडकित्ता तसाच राहिला.

आता इस्तारीभाऊंना काय येत होतं? विणकाम येत नव्हतं. स्वयंपाकात चहा येत होता, तोही दूध उतू गेल्यावर. पण एक गोष्ट ते मनापासून करत आले होते. दर पगाराला चॉकलेटचा एक बार घरी आणायचा. जगाला लाडू-चकल्या करून घालणाऱ्या नूतनला स्वतःला चॉकलेटच आवडायचं. मायलेकी तो बार अर्धा अर्धा वाटून घ्यायच्या आणि इस्तारीभाऊ कागदावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यातून त्यांना चॉकलेटच्या इतिहासाचा नाद लागला. कोणता बार कोणत्या साली निघाला, कोणत्या देशात निघाला, हे त्यांना खात्याच्या परिपत्रकांपेक्षा पक्कं पाठ होतं. त्यामुळे त्यांनी विषय ठरवला तो असा : जुने आणि आजही विकले जाणारे चॉकलेटचे बार, सालवार, सप्तपदीच्या सात पावलांवर.

"आजही विकले जाणारे, हे महत्त्वाचं," त्यांनी पायलला समजावलं. "बंद पडलेला माल रुखवतात नाई ठेवायचा. लग्न टिकलं पायजे."

पायलनं पदार्थांच्या यादीत डोकं घातलं. इस्तारीभाऊंनी तो होकार धरला. सरकारी नोकरीत मौनाचा अर्थ तोच होतो.

पहिलं पाऊल १९०५ची डेअरी मिल्क. दुसरं १९०८चं स्वित्झर्लंडचं टोब्लेरॉन, ते शेजारच्या मन्सूरभाईंचा मुलगा रईस दुबईहून सुट्टीवर येताना घेऊन आला. तिसरं १९३०चं स्निकर्स. चौथं १९३५चं किटकॅट, पाचवं १९५१चं बाउंटी, सहावं आपल्या देशातलं १९६९चं फाइव्ह स्टार. याहून जुना, १८६६चा एक बार इंग्लंडात अजून विकतात, पण तो राजुऱ्याला येत नाही याची खंत ते भेटेल त्याला ऐकवत होते. ऐकणारा बिचारा चौकातल्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेला असायचा.

गिरजाआत्या स्निकर्सपाशी अडली.

"या नावाचा अर्थ काय?"

"ज्यानं काढलं त्याच्या घरच्या घोड्याचं नाव होतं."

"घोड्याचं? पोरीच्या सप्तपदीत घोडा?"

"बाई, नवरदेव घोड्यावरच येते ना?"

हा युक्तिवाद आत्याला पटला असावा, कारण तिनं दुसरीकडून हल्ला केला. तिनं बार मोडला, आतले दाणे पाहिले आणि म्हणाली, "हे तर आपली चिक्कीच हाय. वरून काळं फासलं, झालं." सातवं पाऊल रिकामं होतं, आणि बहिणीशी वैर घेऊन लग्न पार पडत नाही. म्हणून सातव्या पावलावर गिरजाआत्याच्या हातची शेंगदाण्याची चिक्की बसली. साल कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तिच्या पाटीवर इस्तारीभाऊंनी 'फार पूर्वीपासून' असं लिहिलं.

आणलेला माल त्यांनी कपाटात, नूतनच्या साड्यांखाली, मोठ्या विश्वासानं ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं तेव्हा किटकॅटची बोटं एकमेकांत अडकून बसली होती आणि एका पैठणीच्या काठाला फाइव्ह स्टार लागलं होतं. आपल्या भागातलं ऊन त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण उन्हाला ते नेहमी माणसांच्या बाजूनं मोजत आले होते, चॉकलेटच्या बाजूनं कधी मोजलं नव्हतं. माल पुन्हा आणावा लागला.

मग सल्ले सुरू झाले. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, चित्रं काढून लावा. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, मेणाचे बार करा, हुबेहूब दिसतात. मेणही राजुऱ्यात मे महिन्यात उभं राहत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. एकानं लग्न डिसेंबरात घ्यायला सांगितलं. कॉलनीत ज्याला त्याला चॉकलेट कसं टिकवावं हे माहीत होतं, आणि कोणाच्याही घरी ते दोन दिवस टिकलं नव्हतं. ते उन्हामुळे नव्हे, पोरांमुळे.

कूलर दुरुस्तीचं दुकान असलेले मन्सूरभाई मात्र कामाचं बोलले. "इस्तारीभाऊ, फ्रीजमध्ये ठेवा ना."

"फ्रीजमध्ये गिरजाबाईचं दही हाय, लोणी हाय, अन् हळदीचं वाटण हाय. चॉकलेटचं नाव काढलं तर मलेच बाहेर काढते."

"तर मग तलावावर जा. मच्छीमार सोसायटीची बर्फाची पेटी आहे. केवढी मोठी आहे! मंग कार्यालयात टेबलासमोर माझा मोठा कूलर लावून देतो. थंडी वाजेल तुमच्या चॉकलेटले."

सोसायटीचा सचिव बिरजू भला माणूस होता, पण नियमाचा पक्का. पेटी मासोळीसाठी आहे, पेटीत मासोळीच ठेवता येते, आणि ठेवायला अर्ज लागतो. इस्तारीभाऊंनी नोकरीभर लोकांना हेच सांगितलं होतं : नमुन्यात बसत नाही, होत नाही. आता नमुन्याच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून त्यांना पहिल्यांदाच कळलं की टेबलाच्या या बाजूला सावली नसते.

"मासोयीचा प्रकार?" बिरजूनं विचारलं.

"चॉकलेट."

"साहेब, असा प्रकार नाई. रोहू हाय, कतला हाय, मरळ हाय, इतर हाय."

"इतर लिहा."

"ताजी का सुकवलेली?"

"ताजी," ते म्हणाले.

"डोकं काढलेली?"

"बिरजू, सही कुठी करू तेवढं सांग."

लग्नाच्या दिवसापर्यंत चॉकलेट कतल्याच्या शेजारी बर्फात सुखानं राहिलं. इस्तारीभाऊ रोज सकाळी चौकशीला जात, आणि त्यांना लांबून पाहिलं की तलावावरून हाक यायची, "मोहुर्लेसाहेबाची मासोयी बरी हाय!" जन्मभर माळकरी राहिलेल्या माणसाला भर रस्त्यात हे ऐकून घ्यावं लागलं. चौकातल्या पानवाल्यानं तर आदल्या दिवशी विचारलंच, लग्नात रस्सा आहे का म्हणून.

लग्नाच्या सकाळी मन्सूरभाईंच्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून माल निघाला, मासळीच्या क्रेटमध्ये, बर्फ घालून. कार्यालयाच्या दारात मॅनेजर आडवा आला. बाहेरचं खाद्य आत चालत नाही. इस्तारीभाऊंनी सांगितलं की हे खाद्य नाही, सजावट आहे. मॅनेजर म्हणाला, बाहेरची सजावटही चालत नाही, आमचा डेकोरेशनवाला ठरलेला आहे. त्यावर इस्तारीभाऊंनी नोकरीतलं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "असं करा, नाई म्हणता हे लेखी द्या." मॅनेजर बाजूला झाला. लेखी देणारा माणूस आजवर कोणी पाहिलेला नाही.

टेबल मात्र देखणं झालं, हे कोणालाही मान्य करावं लागलं असतं. पांढरी चादर, तिच्यावर पुठ्ठ्याची सात पावलं, प्रत्येक पावलावर वेष्टन सोडवून रचलेले बार, शेजारी सालाची पाटी, आणि मधोमध इस्तारीभाऊंनी स्वतः जुळवलेलं :

आलं आलं रुखवत, त्यात चॉकलेटच्या वड्या,
शंभर वर्षं टिकल्या, तशा टिकोत तुमच्या जोड्या.

वेष्टन सोडवायची कल्पना त्यांचीच. नुसते कागद काय पाहायचे, अस्सल माल दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. गिरजाआत्यानं वास घेऊन नाक मुरडलं. "इस्तारी, याले मासोयीचा वास येऊन राह्यला."

"तुले येते. लोकाले नाई येत."

मन्सूरभाईंनी कूलर लावला. कूलर कसला, कोळशाच्या खाणीवर हवा खेळवायला वापरावा असा. त्यात त्यांनी उरलेला बर्फही ओतला. कळ दाबताच गार वारा सुटला आणि त्याच्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब. चॉकलेट खुश झालं असेल, पण पाट्या शाईनं लिहिलेल्या होत्या. १९०५चा पाच खाली ओघळला. बाउंटीचं साल गेलं, देशही गेला. किटकॅट कोणत्या शतकातलं हे सांगता येईना. इस्तारीभाऊ रुमालानं इतिहास टिपत धावत होते. शेवटी जशीच्या तशी उरली ती मेणखडूनं लिहिलेली चिक्कीची पाटी : फार पूर्वीपासून.

"कूलर कमी करा, मन्सूरभाई!"

मन्सूरभाईंनी कळेला हात लावायच्या आत कूलर आपोआपच थांबला. वीज गेली होती. जनरेटर सुरू झाला खरा, पण तो फक्त डीजेला आणि वराच्या खोलीला जोडलेला होता. बाहेर वरातीत दणदणाट चालू होता आणि आत पत्र्याच्या छताखाली शंभर वर्षं टिकलेल्या वड्या पाघळायला लागल्या. आधी कडा गोल झाल्या. मग टोब्लेरॉनचे डोंगर बसले. मग घोडा वितळला. पावलं एकमेकांत मिसळली, आणि पांढऱ्या चादरीवर एक तपकिरी तळं तयार झालं. त्या तळ्यात चिक्की तेवढी ताठ उभी होती. गिरजाआत्यानं तेवढ्यात पाठ फिरवली, हे तिचे उपकार.

इस्तारीभाऊंनी पुठ्ठ्यानं वारा घातला. मग चादरीची टोकं उचलून तळं जरा मागं सरकवायचा प्रयत्न केला, त्यात नव्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या भरल्या. तेवढ्यात पिवळ्या शालूतली पायल तिथे आली. तिनं टेबल पाहिलं, बाबांच्या बाह्या पाहिल्या. इस्तारीभाऊ म्हणाले, "पायल, चुकलंच माहं. तू म्हणत होती तेच बरं होतं. आता ते लोक म्हणतीन..."

"म्हणू द्या," पायल म्हणाली, आणि तिथेच टेबलाशी उभी राहिली. आत नवरीला शोधत होते, तरी ती हलली नाही.

आणि तेव्हाच ठमाबाई आल्या. स्वप्निलची आजी. अहेरीकडच्या, नदीच्या काठानं मासे धरणाऱ्या घरातल्या. नवरा गेल्यावर त्यांनीच जाळं ओढून पोरं वाढवली होती. हाडकुळ्या, काठी टेकणाऱ्या, पाठीमागे वरपक्षाच्या सगळ्या बाया. ठमाबाई टेबलापाशी आल्या. मग खाली वाकून त्यांनी वास घेतला.

"हे बर्फाच्या पेटीतलं हाय," त्या म्हणाल्या. "कतल्याजवय ठेवलं होतं."

इस्तारीभाऊंना वाटलं, धरणी दुभंगावी. "हो," ते म्हणाले. खोटं बोलायची ताकदही उरली नव्हती.

"हे काय हाय पण?"

मग काय करणार? इस्तारीभाऊंनी सांगायला सुरुवात केली. हे इथलं, हे स्वित्झर्लंडचं होतं, इथं घोडा होता. बोटानं तळ्यात जागा दाखवत दाखवत ते सहाव्या पावलापर्यंत आले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. ठमाबाई हसत नव्हत्या. त्यांनी हात पुढे केला, चिक्कीचा एक तुकडा मोडला, तळ्यात बुडवला आणि तोंडात टाकला. दातांच्या मानानं तो बराच वेळ चालला. सगळं कार्यालय वाट बघत होतं.

"मी जन्मभर रुखवतं पाह्यली," ठमाबाई म्हणाल्या. "पाहाचं अन् हात मागं ठेवाचा. लाडू दगड होऊन माळ्यावर जाते. आजवर कोणी म्हटलं नाई का खा म्हून. घ्या वं बायांनो, पाहून काऊन राह्यल्या?"

बायांनी आधी बोटं बुडवली, मग चिक्की मोडली, मग मंडपातली पोरं घुसली. गिरजाआत्यानं स्वयंपाकघरातून चिक्कीचा राखीव डबा आणला. तो तिनं अशाच वेळेसाठी ठेवला होता, असं तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं. मासोळीचा वास कोणाला आला असेल तर त्यानं तो मनात ठेवला. उलट अहेरीकडचा एक पाहुणा म्हणाला की चव ओळखीची वाटते. बघता बघता चादर पुसून निघाली.

तेवढ्यात वरमाय ताट घेऊन आली. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ज्या बाईनं आपल्या हातानं रुखवत केलं तिची ओटी वरमायनं भरायची, अशी त्या भागातली पद्धत. ती इकडं तिकडं पाहू लागली.

"रुखवत कोणी केलं?"

सगळ्यांच्या नजरा गिरजाआत्याकडे गेल्या. आयुष्यात आत्यानं आलेलं श्रेय कधी परतवलं नव्हतं. पण ती मागे सरली. "म्या फक्त चिक्की केली. बाकी यानं."

"बाबांनी केलं," पायल म्हणाली. "एकट्यानं केलं."

वरमाय ताट हातात धरून गोंधळली. समोर मिशीवाला, टक्कल पडलेला, चॉकलेटनं माखलेला माणूस. "आता माणसाची ओटी कशी भराची?" ती सासूकडं वळून पुटपुटली. मागं कोणीतरी फिसकन हसलं. इस्तारीभाऊंनी हात जोडले आणि म्हणाले, "राहू द्या, बाई. हे माहं नाईच. पायलची आई असती तर..."

"आण इकडं ते ताट," ठमाबाई म्हणाल्या.

"आत्याबाई, तुम्ही?" वरमाय हळूच म्हणाली. "तुम्हाले चालते का?"

"मी बिननवऱ्याची, म्हून मले कोणी ओटी भराले बोलवत नाई. हा माणूस, म्हून याची कोणी भरत नाई. मंग अडते कुठी?" त्यांनी काठी सुनेच्या हाती दिली. "दोन वर्स मायचं काम करून राह्यला ना हा? मंग मायची ओटी याचीच. पसरा दुपट्टा, इस्तारीभाऊ."

इस्तारीभाऊंच्या खांद्यावर लग्नाचा नवा कोरा दुपट्टा होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी पुढं धरला. ठमाबाईंनी त्यात तांदूळ घातले, खण ठेवला, नारळ ठेवला. कुंकू लावायला हात वर नेला, जरा विचार केला, आणि कपाळाच्या मधोमध लावलं. आता कोणी हसलं नाही. कॉलनीतल्या बाया एकेक करून डोळे टिपायला लागल्या, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या लेकीच्या लग्नात ही ओटी नूतननं घेतली होती.

"उभे काऊन?" ठमाबाई म्हणाल्या. "ओटी घेतली का वाकावं लागते."

निवृत्त हेड क्लार्क इस्तारी मोहुर्ले वाकले. वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत, नुसते खांदे हलत राहिले. पायलनं पुढं होऊन दुपट्ट्याची दोन्ही टोकं धरली, म्हणून नारळ खाली पडला नाही.